तापीच्या बेटावरचा हौद

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. मावशी आहे, काका आहेत. दोघंही अजून त्याच घरात राहतात.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दिवसाढवळ्याची आहे.

साल एकोणसाठ. भाद्रपद महिना. तापीला पूर आलेला. आणि पुराच्या मधोमध एक बेट...

आधी त्या बेटाविषयी सांगायला हवं.

शहाद्याच्या खालच्या अंगाला एके ठिकाणी तापी दुभंगते आणि पुढे जाऊन पुन्हा एक होते. मधे जमिनीचा लांबट तुकडा आहे. मावशीचे सासरे चुनीलालआबा तरुण होते तेव्हा तिथे बाभळी आणि वाळू, दुसरं काही नव्हतं. आबांचा काठावर ऊस होता. एका हंगामात गुळाचा सगळा माल करपला, काळा पडला. बाजारात त्याला कोणी हात लावेना. त्याच वेळी नवापूरकडचा एक म्हातारा पारशी ठेकेदार धंदा आवरत होता. आबांनी त्याच्याकडून तांब्याचा भलामोठा हंडा घेतला, गाडीत घालून आणला, आणि त्या काळ्या गुळाची दारू गाळली.

आमच्या गुजर समाजात नुसती कुजबुज. ऊस, कापूस, केळी करणारी माणसं आपण, हे काय मधेच? आबांनी भांडण केलं नाही. भट्टी गावात लावलीच नाही, बेटावर लावली. रीतसर परवाना काढला. सरकारलाही ते सोयीचं पडलं. एकच घाट, एकच होडी. तिथून चोरून काही बाहेर जाऊ शकत नव्हतं.

त्या दारूला आबांनी नाव ठेवलं नव्हतं. उन्हाळ्यात तोरणमाळला जाणारे साहेब लोक तिला रम म्हणायचे आणि पेट्या मागवायचे. आपले लोक नुसतं 'बेटाची' म्हणत. तळोद्याच्या बाजारात 'बेटाची शे का?' एवढं विचारलं की पुरे. आबा स्वतः थेंबही घेत नसत. बोट बुडवून नाकाशी धरायचे आणि माल उतरला की नाही ते सांगायचे.

भट्टीघर दगडी होतं, बेटाच्या उंचवट्यावर. मधोमध हंडा. वर गुळाच्या भेली ठेवायला लाकडी माळा. आणि जमिनीत हौद.

या हौदात गुळाचं पाणी आंबत पडायचं. हौद खोल, तोंड लहान. वर सागाच्या फळ्या आणि त्या हलू नयेत म्हणून त्यांवर आडवा लोखंडी अडणा. साफसफाईला कोणी उतरण्याआधी दोरीने कंदील खाली सोडत. आंबलेल्या गुळातून एक वायू सुटतो, तो तळाशी साचून राहतो. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. जो उतरेल तो वर यायचा नाही.

पन्नास साली दारूबंदी आली.

खात्याची माणसं नावेतून आली. सभ्य होती. होता नव्हता तो माल नदीत ओतला. हौद उपसून कोरडा केला, फळ्या लावल्या, अडणा टाकला, तारेला शिशाचं सील ठोकलं. आबा घाटावर बसून बघत होते. पुढच्या वर्षी ते गेले. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या रूपचंदने काठची जमीन घेतली. धाकट्या शांतीलालच्या वाट्याला बेट आलं.

हे शांतीलाल म्हणजे माझे काका.

मावशीचं लग्न त्यांच्याशी झालं ते धंदा बंद पडला म्हणूनच. नाहीतर लोणखेड्याच्या माझ्या आजोबांनी दारूवाल्याच्या घरात मुलगी दिली नसती. माहेरचं तिचं नाव तुळशी. सासरी रंजना ठेवलं. तुळशी म्हणणारा त्या घरात एकच माणूस होता. काका. तेही आसपास कोणी नसताना.

काका तेव्हा फार तापट. भाकरी करपली तरी ताट ढकलायचे, बैल अडला तर बैलावर ओरडायचे. दारूबंदी आज ना उद्या उठणार, या आशेवर जगत होते. बेटावर केळी लावली होती, पण जीव सगळा भट्टीघरात. तांब्याच्या हंड्याला तेल लावून चकचकीत ठेवत.

मावशी लग्नानंतर बेटावर कधी गेली नव्हती. त्या दिवशी गेली. वाऱ्याने केळी कलल्या होत्या, टेकू द्यायचे होते. मजूर सणासाठी डोंगरात आपापल्या पाड्यावर गेले होते. तान्हा मुलगा सासूपाशी, तापीबाईपाशी ठेवला. भाकऱ्या बांधून घेतल्या. हिलाल नावाडी सकाळी त्यांना बेटावर सोडून गेला.

"दुपारले येस," तो म्हणाला.

दुपारी तो आला नाही.

पाऊस इथे नव्हताच. वर कुठेतरी पडला असणार. पाणी आधी तांबडं झालं, मग त्याच्यावर काटक्या आल्या, मग अख्खी झाडं. बघता बघता घाटाच्या पायऱ्या गेल्या. केळीची खालची ओळ पाण्यात उभी राहिली.

पलीकडच्या काठावर हिलाल दिसला. हात हलवत होता. ओरडत होता. शब्द ऐकू येत नव्हते.

"आते येनार नई तो," काका म्हणाले. "सकायले दखू."

दोघं भट्टीघरात गेली. दुसरी उंच जागाच नव्हती. शिडीने माळ्यावर चढली. भाकरी खाल्ली. कंदील लावला.

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. काहीच झालं नाही. नदी गरजत होती, मावशीला मुलाची आठवण येत होती, आणि काका हौदाकडे बघत जागे होते.

मी म्हटलं ना, ही दिवसाची गोष्ट आहे.

सकाळी मावशीला जाग आली ती वासाने.

गोड. आंबूस. नाकात चढणारा... गुळाचा वास.

नऊ वर्षं त्या घरात गुळाचा खडा आला नव्हता.

"वास येस का तुम्हले?" तिने विचारलं.

"जुना शे. दगडमा मुरेल शे. पानी लागनं का सुटस."

पटण्यासारखं होतं. मावशी खाली उतरली. हंड्याला वळसा घालून हौदाजवळ आली, तेव्हा तिला जमिनीखालून आवाज आला.

बुड... बुड... बुड...

भाताचं आधण यावं तसा. सावकाश. एकसारखा.

"पुरना पानी खालून शिरी ऱ्हायना," काका वरूनच म्हणाले.

हेही पटण्यासारखं होतं. पण मावशीला तिथे उभं राहून दुसरंच काहीतरी खटकलं. काय, ते आधी कळेना. मग कळलं.

नदी ऐकू येत नव्हती.

बाहेर तापी फुगलेली. रात्रभर तिच्या आवाजाने भिंती थरथरत होत्या. आणि हौदाच्या तोंडाशी... काही नाही. मावशी दोन पावलं मागे सरली. नदीचा आवाज धाडकन परत आला. पुन्हा पुढे झाली. पुन्हा गप्प.

तिने तिसऱ्यांदा करून पाहिलं नाही. शिडी चढून वर गेली.

काका उतरले. पंचा डोक्याला गुंडाळला.

"तू माळ्यावर बठ. मी घाट दखीसन येस."

"लवकर या," मावशी म्हणाली.

ते बाहेर गेले. माळ्याला एक झरोका होता, पण तो मागच्या बाजूला. त्यातून नुसतं पाणी दिसे. केळीची पानं पाण्यावर तरंगत होती, एखादं माणूस हात वर करून बुडत असावं तशी.

मावशी त्या झरोक्याशीच बसून होती. बराच वेळ गेला.

मग खाली पावलं वाजली. शिडी करकरली. काका वर आले. अंगावरून पाणी गळत होतं. भिंतीला टेकून बसले.

"हिलाल दिसना का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"भाकर दिऊ?"

त्यांनी हात पुढे केला. मावशीने उरलेली भाकरी दिली, मिरची दिली. ते खाऊ लागले. सावकाश. एकेक घास चावून. मावशी बघत राहिली. काका जेवायचे म्हणजे भराभर, चार घासांत उरकायचे. आज थकले असतील, ती मनाशी म्हणाली.

आणि तेव्हा...

"तुळशी..."

आवाज खालून आला.

जमिनीखालून.

"तुळशी, आठे शे मी. पाय घसरी गया मन्हा. माले वर काढ."

काकांचा आवाज.

मावशीने समोर पाहिलं. काका भाकरी चावत होते. तोंड घासाने भरलेलं होतं.

"तुळशी, आयकी ऱ्हायनी ना?"

हाक मारणाऱ्याच्या आवाजात कळ होती. घसा बसलेला होता. कितीतरी वेळ तो ओरडत असावा, तसा.

समोरच्या काकांनी घास गिळला. तिच्याकडे पाहिलं.

"बोलू नको त्यानासंगे," ते हळू आवाजात म्हणाले. "तो हौद शे. घरना मानसासना आवाज काढस. आबानी माले सांगेल व्हतं. म्हनीसन कोनले एकलं आठे ठेवत नव्हतात."

"माले कधी सांगं नई तुम्ही."

"तू भ्याती."

खालून पुन्हा हाक आली. "तुळशी, कोनसंगे बोली ऱ्हायनी तू? वर कोन शे?"

मावशी मला म्हणाली, "पोरी, त्या घटकेला मी कोणाची बायको होते ते मलाच कळेना."

बाहेर पाणी. दाराला एकच उंबरा, आणि पाणी त्याच्या जवळ आलेलं. पळायला जागा नाही. ओरडायला कोणी नाही. वर एक नवरा, खाली एक नवरा, आणि मधे शिडी.

ती शिडी उतरली. वरच्याने तिला अडवलं नाही.

हौदावर फळ्या होत्या. फळ्यांवर अडणा घातलेला होता. आत पडलेला माणूस आतून अडणा घालू शकत नाही. मावशीला क्षणभर हायसं वाटलं. वर आहेत तेच आपले.

मग तिला सील दिसलं. तुटून बाजूला पडलं होतं. आणि अडण्यावरचा गंज एका ठिकाणी घासून निघाला होता. खालचं लोखंड ताजं चमकत होतं.

कोणीतरी तो आजच काढला होता. आणि आजच परत घातला होता.

"हाऊ कोनी काढा?" तिने वर बघत विचारलं.

"मीच. सकायले. पानी कितलं चढनं ते दखाले."

तेही खरं असू शकत होतं.

मावशीला एकच उपाय सुचला. त्यांची पहिली मुलगी बारशाआधीच गेली होती. तिला नाव मिळालंच नाही, असं सगळे समजत. पण तिला नेण्याआधी काकांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन एक नाव सांगितलं होतं. ते फक्त मावशीने ऐकलं होतं. त्यानंतर दोघांनी ते कधी उच्चारलं नाही. एकमेकांपाशीसुद्धा नाही.

"आपली पोरना कानमा काय नाव सांगं व्हतं तुम्ही?"

ती कोणाकडेही न बघता बोलली. हंड्याकडे बघत.

मग...

"जमना."

वरून आणि खालून. एकाच वेळी. एकाच श्वासात. एकाच दुःखाने.

मावशी मटकन खाली बसली. रडली नाही. रडायचं कोणासाठी, तेच कळत नव्हतं.

बसल्या बसल्या तिला कंदील आठवला. काकांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं, हौदात उतरायच्या आधी काय करतात ते. कंदील विझला तर आत जिवंत माणूस राहू शकत नाही. नाही विझला तर राहू शकतो. एवढं तरी कळेल.

शिडीला अडकवलेला रात्रीचा कंदील तिने काढून पेटवला. टेकूंसाठी आणलेली दोरी त्याला बांधली. दोन्ही हातांनी अडणा ओढून काढला, एक फळी सरकवली. वासाचा लोट वर आला, डोळ्यांत पाणी आलं. आत काळोख.

"तुळशी." आवाज आता जवळ होता. "उनी तू."

तिने कंदील सोडला. ज्योत खाली खाली गेली. दगड दिसले, ओले. मग ज्योत बारीक झाली. निळी झाली.

विझली.

"अंधार करू नको, तुळशी," खालून आवाज आला.

ज्योत जिथे जगली नाही तिथून माणूस बोलत होता. मावशीने दोरी वर खेचायला सुरुवात केली.

दोरी हलेना.

मग ती ताठ झाली. कोणीतरी खालून धरली होती. दोन्ही हातांनी. पूर्ण वजन टाकून.

"ओढ," खालचा म्हणाला. "ओढ मन्ही माय."

मावशीच्या तळहाताची साल निघत होती. तिने पाय हौदाच्या कडेला रोवले. ती सांगते, त्या क्षणी तिचा निश्चय झाला होता. जिवंत असो, मेलेला असो, हा आपला माणूस आहे, याला वर घ्यायचं.

आणि मागून शिडी करकरली. एक ओला हात तिच्या हातावर आला. थंड नव्हता. नेहमीसारखाच होता. खरबरीत, अंगठ्याजवळ घट्टा पडलेला.

"सोड," मागचा तिच्या कानाशी म्हणाला. "जमनानी शप्पथ तुले. सोडी दे."

तिने सोडली.

दोरी सर्रकन आत गेली. काही पडल्याचा आवाज आला नाही. पाण्याचा नाही, कंदिलाचा नाही. हौदाने सगळं गिळलं आणि बुडबुडणं थांबलं.

त्याच वेळी बाहेरून हाक आली.

"शांतीदादा... वयनी..."

हिलाल होता. पूर चढतोय बघून त्याने वरच्या अंगाने नाव प्रवाहात घातली होती आणि जीव मुठीत धरून बेटाला लावली होती. नाव थेट भट्टीघराच्या ओट्याशी आली होती.

"लवकर चाला. पानी थांबनार नई."

मावशी नावेत कशी चढली ते तिला आठवत नाही. एवढंच आठवतं, की काका तिच्या शेजारी बसले होते, अगदी खांद्याला खांदा लावून. आणि नाव सुटली तेव्हा भट्टीघरातून हाक आली नाही. ती वाट बघत होती. आली नाही.

पूर ओसरल्यावर काका सगळ्यात आधी मजूर घेऊन बेटावर गेले आणि हौद मातीने भरून टाकला. आत कोणी डोकावून बघितलं की नाही, ते मावशीला ठाऊक नाही. तिने विचारलं नाही. हंडा मोडीत दिला. दारूबंदी उठण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. आबांनी उभा केलेला धंदा तिथे संपला.

आणि त्यांचा तापट स्वभाव गेला.

त्या दिवसापासून काकांनी घरात आवाज चढवलेला नाही. मावशीवर नाही, मुलांवर नाही, बैलांवर नाही. भाकरी करपली तर तशीच खातात. सगळं गाव मावशीला नशीबवान म्हणतं. आणि मावशीला नेमकी त्याचीच भीती वाटते.

"हे माझे असतील," ती मला म्हणाली, "तर इतकी वर्षं मी चांगल्या माणसाला भिऊन राहिले. आणि नसतील..."

त्यानंतर त्यांना दोन मुली झाल्या. मुलींची तोंडं काकांवर गेली आहेत. मावशी त्यांच्याकडे बघत बसते.

इथवरचं मला मावशीने सांगितलं. पुढचं तिला माहीत नाही.

अडुसष्ट साली तापीला पुन्हा मोठा पूर आला. मी तेव्हा तिच्याकडे गेले होते. दुपारी सगळं गाव काठावर पूर बघायला जमलं. मावशी घरीच राहिली, ती पुराकडे बघत नाही. मी आणि काका जरा बाजूला उभे होतो. समोर बेट बुडत होतं. भट्टीघराची एक भिंत कोसळली आणि पाण्यात नाहीशी झाली.

काका एकदम म्हणाले,

"तुन्ही मावशीनी माले वर काढं त्या दिनले."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"कुठून, काका?"

"हौदमाईन."

ते नेहमीच्या हळू आवाजात सांगू लागले. घाट बघून ते परत आले, तेव्हा हौदावरच्या फळ्या उघड्या होत्या. वाकून बघताना पाय घसरला. आत पडले. वरून कोणीतरी फळ्या सरकवल्या, अडणा पडल्याचा आवाज झाला. कोणी, ते दिसलं नाही. छातीत हवा शिरेना. ते बायकोला हाका मारत राहिले. ती वर कोणाशी तरी बोलत होती. कोणाला तरी जेवायला वाढत होती.

"मंग तिनी कंदील सोडा. तो इझी गया. मी दोरी धरी. ती जोर लाईसन ओढत ऱ्हायनी. तिना हातमाईन रक्त निंघनं, पन तिनी सोडी नई. माले वर काढं."

"सोडली नाही?" मी विचारलं.

"सोडती तं मी आज आठे ऱ्हातू का?"

मावशीच्या तळहातावरचा वण मी पाहिलेला आहे.

काकांची नजर पाण्यावरच होती.

"वर उनू तं ती मन्हाकडे दखतच नव्हती," ते म्हणाले. "मन्हा मांगे दखत व्हती. नावमा मी पुढे बठनू, हिलालपान. ती मांगे बठनी. आनि सरकीसन जागा करी तिनी. बाजूले. कोनले तरी."

मी विचारलं, हे तुम्ही मावशीला का सांगितलं नाही?

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग माझ्या अगदी जवळ आले.

"घरमा जोरमा बोलानं नई," ते म्हणाले. "तो आवाज शिकस."

मी हिलालला गाठलं. तो आता म्हातारा झाला आहे. त्या दिवशी नावेत किती माणसं चढली, असं विचारलं. तो म्हणाला, पुरात नाव चालवणारा पाण्याकडे बघतो, माणसांकडे नाही. दादा होता, वयनी होती, आणखी कोण असणार?

मी उठले, तेव्हा तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला,

"नाव मातर भलती जड व्हती."

मावशीकडे अजून जाणं होतं. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगून तरी काय सांगू? तुझा नवरा तुझाच आहे, हे सांगायला हवं. पण मग पुढचंही सांगावं लागेल.

त्या घरात सगळे हळू बोलतात. मीही बोलते. आणि आतल्या खोलीतून कोणी माझं नाव घेऊन हाक मारली, तर मी लगेच ओ देत नाही.

आधी समोर कोण कोण बसलं आहे, ते बघून घेते.